स्वर्गाचे दार आणि नागरिकत्वाचा शिक्का
(‘एलिझियम’ या चित्रपटावरील भाषणाचा मजकूर)



एका वकिलाने चित्रपटावर व्याख्यान द्यावे, ही गोष्ट आपणांस काहीशी विचित्र वाटेल. चित्रपट हा करमणुकीचा विषय आणि वकिलाचा विषय कायदा. परंतु आज ज्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे, त्याचा सारा कथाभाग एका कायद्याच्या प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न असा : मरणाच्या दारात पडलेल्या माणसास उपचार देण्यापूर्वी तो कोण, कोठला, त्याचे नाव कोणत्या वहीत लिहिलेले आहे, हे विचारण्याचा अधिकार कोणाला आहे काय? हा प्रश्न चित्रपटाने विचारला आहे खरा. पण त्याचे उत्तर त्याने नीट दिले की नाही, याविषयी जाणत्या लोकांत एकमत नाही. ती भिन्न मते आपणांपुढे मांडावी, त्यांची छाननी करावी आणि शेवटी मला जे वाटते ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

चित्रपटाचे नाव ‘एलिझियम’. तो २०१३ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन नील ब्लॉमकॅम्प यांचे. एलिझियम हा शब्द ग्रीक पुराणांतला आहे. देवांचे लाडके वीर आणि पुण्यवान माणसे मृत्यूनंतर जेथे सुखाने राहतात, ते स्थान म्हणजे एलिझियम. आपण त्यास स्वर्ग म्हणू. मात्र या चित्रपटातील स्वर्गात जाण्यास पुण्य लागत नाही, पैसा लागतो. आणि तेथे जाण्यासाठी मरावे लागत नाही, उलट तेथे पोचलेल्या माणसाला रोगाने मरण्याचे कारणच उरत नाही.

कथा थोडक्यात

काळ इसवी सन २१५४. पृथ्वी माणसांनी आणि घाणीने भरून गेली आहे. धनिकांनी पृथ्वी सोडली असून ते आकाशात फिरणाऱ्या एका प्रचंड चाकासारख्या नगरात राहावयास गेले आहेत. तेथे हिरवळ आहे, स्वच्छ पाणी आहे, शुभ्र वाडे आहेत. प्रत्येक घरात एक शय्या आहे. तिच्यावर आजारी माणूस निजला की यंत्र त्याचे शरीर तपासते आणि क्षणार्धात रोग नाहीसा करते. रक्ताचा कर्करोग असो की मोडलेले हाड असो, त्या शय्येला काही अशक्य नाही. परंतु रोग बरा करण्यापूर्वी ती माणसाची ओळख पाहते. नागरिकत्वाची खूण मिळाली तर उपचार; न मिळाली तर नाही.

खाली लॉस एंजेलिस शहर आहे. पण ते आज आपण चित्रांत पाहतो तसे नव्हे. धूळ, पत्र्याची घरे, मोडकी इस्पितळे आणि कामासाठी लागलेल्या रांगा. तेथे मॅक्स नावाचा एक कामगार राहतो. तो अनाथ, मठातील भगिनींनी त्याला वाढविले. तरुणपणी मोटारी चोरल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला आणि आता तो पॅरोलवर सुटून एका कारखान्यात राबतो आहे. त्या कारखान्यात पोलिसांचे यंत्रमानव तयार होतात. म्हणजे ज्या यंत्रांनी त्याला रस्त्यात मारावयाचे, ती यंत्रे त्याच्याच हातांनी घडविली जातात. मॅक्सची भूमिका मॅट डेमन या नटाने केली आहे.

एके दिवशी कारखान्यातील किरणोत्सर्गाच्या भट्टीचे दार अडकते. मुकादम मॅक्सला आत जाऊन ते मोकळे करण्यास सांगतो. नाही म्हणशील तर दुसरा माणूस ठेवू, असे बजावतो. मॅक्स आत जातो, दार मिटते आणि प्राणघातक किरणे त्याच्या देहातून जातात. त्याच्या आयुष्याचे पाच दिवस उरतात. एक यंत्र येऊन त्याला गोळ्या देते आणि सही घेते. एवढ्यावर मालकाचे कर्तव्य संपते. त्या पाच दिवसांत आकाशातील शय्येपर्यंत पोचणे हा त्याला जगण्याचा एकच मार्ग राहतो. त्याची बालमैत्रीण फ्रे ही परिचारिका आहे, आणि तिच्या माटिल्डा नावाच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झालेला आहे. तिलाही तीच शय्या हवी आहे.

वर डेलाकोर्ट नावाची संरक्षणमंत्री आहे. ही भूमिका जोडी फॉस्टर यांची. आजारी मुलेबाळे घेऊन पृथ्वीवरून चोरून निघालेली विमाने ती क्रूगर नावाच्या एका निर्दय हस्तकाकडून पाडविते. त्या नगराचा अध्यक्ष पटेल नावाचा एक सभ्य गृहस्थ आहे. तो या कृत्याबद्दल तिची कानउघाडणी करतो. पण दार उघडावे, असे त्याच्याही मनात येत नाही. पुढे डेलाकोर्ट सत्ता बळकावण्यासाठी कारखान्याच्या मालकाकडून नगराची सारी यंत्रणा नव्याने सुरू करणारी एक आज्ञावली लिहवून घेते. ती आज्ञावली मारामारीत मॅक्सच्या मेंदूत येऊन बसते. शेवटी ती चालू केली तर तो स्वतः मरेल, हे ठाऊक असूनही तो ती चालू करू देतो. त्यापूर्वी त्याचा साथीदार स्पायडर एक बदल करतो : नोंदीतील ‘बेकायदा’ हा शब्द काढून तेथे ‘कायदेशीर’ हा शब्द घालतो. पृथ्वीवरील प्रत्येक मनुष्य त्या क्षणी नागरिक होतो. माटिल्डा बरी होते. उपचारशय्यांनी भरलेली विमाने पृथ्वीकडे निघतात. अध्यक्ष पटेल यंत्रमानवांना स्पायडरला अटक करण्याचा हुकूम देतो. पण यंत्रमानव हलत नाहीत, कारण आता तो नागरिक आहे.

मतमतांतरे

या चित्रपटास सुमारे साडेअकरा कोटी डॉलर खर्च आला आणि जगभर त्याने साडेअठ्ठावीस कोटींच्या वर उत्पन्न मिळविले. म्हणजे लोकांनी तो पाहिला. परंतु समीक्षकांचे मत दुभंगलेले राहिले. सर्व समीक्षांची गोळाबेरीज करणाऱ्यांच्या हिशोबाने शंभरांतील साधारण पासष्ट अनुकूल होत्या. पास झाला, पण पहिल्या वर्गात नव्हे, असा तो निकाल. याच दिग्दर्शकाच्या २००९ सालच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’ या पहिल्या चित्रपटाची जी स्तुती झाली होती, तीशी तुलना करता ही निराशाच होती.

विरुद्ध बाजूने चार प्रमुख आक्षेप घेतले गेले. न्यायालयात जसा एकेक मुद्दा क्रमाने घ्यावा लागतो, तसे ते आपण घेऊ.

पहिला आक्षेप असा की, चित्रपटाचा पूर्वार्ध विचाराचा आहे आणि उत्तरार्ध हाणामारीचा. एका मोठ्या सामाजिक प्रश्नाला हात घालून शेवटी दोन माणसे अंगावर लोखंडी सांगाडे चढवून एकमेकांना बडवीत बसतात, आणि प्रश्न बाजूला राहतो. हा आक्षेप मला मान्य आहे. पुढे २०१५ साली खुद्द दिग्दर्शकानेही, कल्पना चांगली असूनही कथा आपल्याकडून बिघडली, अशी उघड कबुली दिली. प्रतिवादीनेच मुद्दा मान्य केल्यावर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जोडी फॉस्टर यांच्या कृत्रिम उच्चारांवर आणि डेलाकोर्टच्या एकरंगी दुष्टपणावर जी टीका झाली, तीही रास्त आहे. दुष्ट माणूस केवळ दुष्ट दाखविला म्हणजे प्रेक्षकाचे काम सोपे होते. ‘मी काही असा नाही,’ असे म्हणून तो घरी जातो. माझ्या मते या कथेतील खरा अभ्यास करण्याजोगा मनुष्य डेलाकोर्ट नसून अध्यक्ष पटेल आहे. त्याला रक्तपात आवडत नाही, पण ज्या कुंपणामुळे रक्तपात होतो ते कुंपण त्याला हवे आहे. असे सभ्य गृहस्थ जगात पुष्कळ असतात, आणि अन्यायाची इमारत बव्हंशी त्यांच्याच खांद्यांवर उभी असते. चित्रपटाने त्याला फार थोडा वेळ दिला, ही त्याची मोठी उणीव होय.

दुसरा आक्षेप : हा प्रचार आहे

अमेरिकेतील काही टीकाकारांनी, विशेषतः स्थितिवादी पक्षाच्या लेखकांनी, हा चित्रपट म्हणजे समाजवादाचा आणि खुल्या सरहद्दीचा प्रचार आहे, असे म्हटले. श्रीमंत म्हणजे खलनायक आणि गरीब म्हणजे साधू असे चित्र रंगवून लेखकाने वास्तवाचा विपर्यास केला, असा त्यांचा दावा. या आक्षेपाचा निर्णय पुराव्यावर व्हावयास पाहिजे. कल्पनेतील २१५४ सालाला खऱ्या जगात काही आधार आहे काय, हे आपण पाहू.

हा दिग्दर्शक १९७९ साली दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी जन्मला आणि तरुणपणी कॅनडात गेला. ज्या देशात त्याचे बालपण गेले, तेथे १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी वहीत लिहिलेला होता, आणि त्याच साली झालेल्या दुसऱ्या कायद्याने कोणी कोठे राहावे हेही ठरविले होते. १९७० साली त्या सरकारने आणखी एक कायदा केला. त्या कायद्याने काळ्या लोकांना निरनिराळ्या ‘स्वभूमीं’चे नागरिक ठरविले, आणि १९७६ पासून जसजशा त्यांतील काही भूमी ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर झाल्या, तसतसे त्या भूमीच्या नावावर लिहिलेले लोक दक्षिण आफ्रिकेचे नागरिक राहिले नाहीत. माणूस जागचा हलला नाही. जोहान्सबर्गच्या त्याच खोलीत तो राहत होता, त्याच खाणीत राबत होता. परंतु कागदावर तो परका झाला. १९९४ साली ती राजवट संपली तेव्हा हा अन्याय दूर झाला. ज्याने हे बालपणी पाहिले, त्याने नागरिकत्व तपासणाऱ्या शय्येची कल्पना केली, तर ती कल्पना हवेतून आली असे म्हणता येणार नाही.

आता लॉस एंजेलिसची गोष्ट घेऊ. ते शहर ज्या कॅलिफोर्निया राज्यात आहे, तेथे १९९४ च्या नोव्हेंबरात १८७ क्रमांकाच्या प्रस्तावावर जनतेचे मत घेण्यात आले. कागदपत्रांविना आलेल्या परदेशीयांना सरकारी शाळा आणि निकडीचे नसलेले सार्वजनिक वैद्यकीय साहाय्य नाकारावे, असा तो प्रस्ताव. शंभरांतील सुमारे ५९ मतदारांनी त्यास संमती दिली. पण न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली, पुढे मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि १९९९ साली राज्य सरकारने अपील सोडून दिले. त्याच्या आधी १९८२ साली, टेक्सास राज्याच्या अशाच एका कायद्याविरुद्धच्या दाव्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला होता की, कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शाळेतून वगळता येणार नाही. कारण त्या देशाच्या घटनेतील चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण ‘नागरिका’ला नव्हे, तर प्रत्येक ‘व्यक्ती’ला दिलेले आहे. आणि १९८६ च्या एका कायद्याने तेथील इस्पितळांवर असे बंधन घातले की, तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याला, त्याच्याजवळ पैसा असो वा नसो, आधी तपासून त्याची प्रकृती सावरली पाहिजे.

म्हणजे, बंधूंनो, चित्रपटातील दार त्या शहरात खरोखरच अर्धे लावले गेले होते आणि न्यायालयाने ते अडविले होते. शिवाय चित्रपटातील पृथ्वीची दृश्ये मेक्सिको शहराच्या गरीब वस्त्यांत आणि तेथील कचऱ्याच्या अवाढव्य ढिगांवर चित्रित केली आहेत. ते भविष्य उभारण्यासाठी फारसा देखावा करावा लागला नाही. ही भविष्यकथा नसून आजची स्थिती आहे, असे दिग्दर्शक म्हणाला, ते याच अर्थाने. प्रचाराचा आरोप मी फेटाळतो.

तिसरा आक्षेप : शय्या इतक्या होत्या, तर दिल्या का नाहीत?

हा आक्षेप अर्थशास्त्र जाणणाऱ्यांचा आहे आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. ते म्हणतात, शेवटी शय्यांनी भरलेली विमाने तयारच उभी असलेली दिसतात. उपचाराला क्षण लागतो, आणि खर्च होताना दिसत नाही. मग शहाण्या धनिकांनी आधीच पृथ्वीवर चार इस्पितळे उघडून शांतता विकत का घेतली नसती? विनाकारण माणसे मरू देण्यात कोणाचा लाभ? म्हणून कथेचा पायाच कच्चा आहे.

या टीकाकारांना मी महाडला घेऊन जाऊ इच्छितो. चवदार तळ्याचे पाणी काही तुटपुंजे नव्हते. त्या तळ्यावर इतर धर्मांची माणसे येत, गुरेढोरेही पाणी पीत. अस्पृश्यांनी ओंजळभर पाणी घेतल्याने ते आटणार नव्हते आणि कोणाचा एक पैचा तोटा होणार नव्हता. तरी २० मार्च १९२७ रोजी ते पाणी घेतले गेले तेव्हा लोकांची डोकी फुटली, आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. टंचाईमुळे तळे बंद नव्हते. दर्जा राखण्यासाठी ते बंद होते. ज्या वस्तूचा तुटवडा नाही ती नाकारण्यातच नाकारणाऱ्याचे मोठेपण सिद्ध होत असते. वरच्याला वर राहण्यासाठी खाली कोणीतरी लागतो. टीकाकारांना जो कथेतील दोष वाटतो, तो माझ्या मते तिच्यातील सर्वांत खरा भाग आहे. स्वतःच्या हिताचा हिशोब करूनही माणसे अन्याय सोडीत नाहीत, हे ज्यांनी सोसले त्यांना सांगावे लागत नाही.

चौथा आक्षेप : तारणहार

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्रपटातील लॉस एंजेलिसचे बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आहेत; फ्रे, स्पायडर आणि मॅक्सचा मित्र हुलिओ यांच्या भूमिका ब्राझील व मेक्सिको येथील नटांनी केल्या आहेत. परंतु त्या सर्वांचा उद्धार करणारा नायक मात्र गोरा. तो एकटाच लढतो, एकटाच मरतो आणि लक्षावधींना एका क्षणात अधिकार देऊन जातो. त्या लक्षावधींनी काय केले? काही नाही. त्यांनी वाट पाहिली.

हा आक्षेप केवळ कातडीच्या रंगाचा नाही. नायक कोणत्याही रंगाचा असता तरी प्रश्न उरलाच असता. घटना समितीपुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात विभूतिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. ज्या जनतेला तिचे हक्क दुसऱ्याने एका रात्रीत मिळवून दिले, तिला ते दुसऱ्या रात्री टिकविता येतील काय? स्पायडरने एक शब्द बदलला. उद्या दुसरा कोणी त्या यंत्रापाशी बसून तोच शब्द पुन्हा बदलील. चित्रपटात ना संघटना आहे, ना सभा, ना सत्याग्रह, ना न्यायालय. मॅक्स प्रारंभी स्वतःचा जीव वाचविण्यासाठीच निघतो आणि शेवटी दुसऱ्यासाठी मरतो. हा बदल हृदयस्पर्शी आहे; पण एका माणसाचे मनःपरिवर्तन म्हणजे समाजरचनेचे परिवर्तन नव्हे.

वकिलाचा पाचवा आक्षेप

आता माझा स्वतःचा एक आक्षेप मी नोंदवितो. नोंदीतील शब्द बदलताच यंत्रमानव थांबतो. हुकूम अध्यक्षाचा असला तरी तो पाळीत नाही, कारण कायदा बदलला आहे. मला हे दृश्य पाहून हसू आले आणि वाईटही वाटले. असा आज्ञाधारक अंमलदार मला आजवर कोठे भेटलेला नाही.

पुन्हा महाडचीच साक्ष घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर ‘बेकायदा’ जाऊन ‘कायदेशीर’ आले. पण तीन वर्षे कोणी पाण्याला शिवू शकला नाही. १९२७ साली सत्याग्रह झाला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दिवाणी न्यायालयात दावा लागला, तात्पुरता मनाई हुकूम आला, अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. शब्द बदलण्यास एक दिवस लागला. तो खरा होण्यास तेरा वर्षे. चित्रपट जेथे संपतो, तेथून आपल्यासारख्यांचे काम सुरू होते.

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो आपल्या मनावर ठसावा अशी माझी इच्छा आहे. चित्रपट म्हणतो, सर्वांना नागरिक करा म्हणजे सर्वांना उपचार मिळतील. हे उदार वाटते. पण नीट पाहिले तर त्याने शय्येची ती अट काढलेली नाही. सर्वांना फक्त अटीत बसविले. उद्या ज्याचे नाव वहीत राहून गेले, त्याच्यासाठी शय्या पुन्हा थंडच राहील. खरा प्रश्न हा की, जीव वाचविण्यासाठी नागरिकत्वाची अट असावीच का? आपली घटना येथे चित्रपटाच्या पुढे आहे. तिच्यातील शब्द काळजीपूर्वक वाचा. भाषणस्वातंत्र्याचे १९ वे कलम आणि सरकारी नोकरीतील समान संधीचे १६ वे कलम नागरिकांसाठी आहे. परंतु समानतेचे १४ वे कलम आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाचे २१ वे कलम ‘व्यक्ती’साठी आहे. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : मनुष्य नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे. जगण्याचा हक्क माणूसपणाचा आहे, शिक्क्याचा नाही.

घरी नेण्यासारखे

त्याच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निर्णय दिला, तो प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. बंगालमधील एक शेतमजूर १९९२ साली आगगाडीतून पडला. डोक्यास जबर मार लागला होता. त्याला एकामागून एक सरकारी इस्पितळांत नेले. कोठे सोय नाही, कोठे खाट रिकामी नाही, असे सांगून सर्वांनी परत पाठविले. शेवटी खासगी दवाखान्यात पैसे भरून त्याला उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने दाद मागितली. न्यायालयाने ठरविले की, सरकारी इस्पितळाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब होऊ शकत नाही. त्या मजुरास पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. ‘एलिझियम’मधील मॅक्सला जे मिळाले नाही, ते या मजुराला मिळाले, आणि ते मिळविले बंदुकीने नव्हे, तर संघटनेने आणि अर्जाने.

महाराष्ट्रात आणखी एक सोय आहे, जिची माहिती पुष्कळांना नसते. धर्मादाय न्यासांची जी मोठी इस्पितळे आहेत, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रोग्यांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या असतात. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००६ साली याची योजना मंजूर केली. तातडीच्या प्रसंगी असा रोगी आला तर त्यास अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणे त्या इस्पितळांचे कर्तव्य आहे. खाट नाकारली तर नकार लेखी मागा, वेळ आणि नाव टिपून ठेवा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रे घरात एका जागी नीट ठेवा; विशेषतः घरातील स्त्रियांना ती कोठे आहेत हे ठाऊक असू द्या. दार उघडे आहे, हे ज्याला माहीत नसते, त्याच्यासाठी ते बंदच असते.

निर्णय

आता माझा निर्णय सांगून मी आपली रजा घेतो. ‘एलिझियम’ हा थोर चित्रपट नव्हे. त्याचा उत्तरार्ध कमकुवत आहे, त्याची खलपात्रे उथळ आहेत आणि त्याचा तोडगा मुलांच्या गोष्टीतल्यासारखा सोपा आहे. त्यात रक्तपात आणि शिवराळ भाषा बरीच असल्यामुळे लहान मुलांस तो दाखवू नये. तरीही मोठ्या मुलांबरोबर बसून तो एकदा अवश्य पाहावा, असे मी म्हणेन. त्यातील एक दृश्य तरी आपण कधी विसरणार नाही. मॅक्स बसची वाट पाहत उभा असतो. यंत्रमानव त्याच्या पिशवीत काय आहे, असे विचारतात. तो थट्टेने उत्तर देतो, आणि ते त्याचा हात मोडतात. तसाच तो पॅरोलच्या अधिकाऱ्यापुढे जातो. तो अधिकारीही एक यंत्रच आहे. मॅक्स खुलासा करू पाहतो. यंत्र तो ऐकत नाही आणि पॅरोलची मुदत आठ महिन्यांनी वाढविते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व. ते नसले म्हणजे काय होते, हे कायद्याच्या चार पुस्तकांपेक्षा त्या दोन मिनिटांत अधिक समजते.

चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना विचारा : त्या शय्येने माटिल्डाला आधी का नाकारले? ती आजारी नव्हती म्हणून का? आणि तिला शेवटी का स्वीकारले? तिचा आजार बदलला म्हणून का? मुले जे उत्तर देतील, ते शांतपणे ऐका. माणसाचे मोल त्याच्या नावापुढील शिक्क्यावर ठरवू नये, एवढे जर त्यांना त्यातून उमगले, तर त्या सदोष चित्रपटाने आपले काम केले, असे मी समजेन.

एवढे बोलून मी माझे भाषण पुरे करतो. जयभीम.